आतून ‘या’ येईपर्यंत

खरं तर त्या दिवशी इलेनियाच्या घरी माझ्यासोबत काम करणारा लोरिस जाणार होता. त्याची कंबर धरली, म्हणून कामाचा कागद माझ्या हातात आला. जानेवारी होता. आमच्या कोमाक्कियो गावात धुकं इतकं, की कालव्यावरचा पूल पाय ठेवल्यावरच कळत होता.

दार उघडंच होतं. पुढच्याच खोलीत खाटेवर एक म्हातारा माणूस, डोळे दाराकडे.

“पेर्मेस्सो?” मी म्हणालो.

येऊ का, एवढंच. आमच्या इटलीत दाराशी हे म्हणायचं आणि आतून ‘या’ आल्यावरच पाय टाकायचा. बसमध्ये वाट काढायला हाच शब्द, कामावरून सुट्टी मागायलाही हाच. बॉयलर दुरुस्त करणारा माणूस तो दिवसातून वीसदा म्हणतो. खरं सांगतो, त्यातल्या अठरा वेळा पाय आधीच आत असतो.

पण तो माणूस माझ्याकडे बघत होता. म्हणून मी थांबलो… बऱ्याच वेळाने त्याच्या डाव्या हाताचं एक बोट चादरीवरून उचललं गेलं.

“बाबांना बोलता येत नाही,” आतून एक मुलगी आली. केस कसेतरी बांधलेले, हाताला मक्याचं पीठ. “अर्धांगवायू. ऑक्टोबरपासून.”

“बोलले की. ‘या’ म्हणाले.”

तिने माझ्याकडे पाहिलं. असं कुणी पाहिलं की कुठला स्क्रू काढायचा तेच विसरायला होतं.

“नर्स येते, शेजारी येतात… सगळे सरळ आत,” ती हळू म्हणाली. “विचारणारे तुम्ही पहिलेच.”

तासाभराचं काम. मी तीन दिवस लावले.

“अजून बिघडलेलाच?” तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

“फार नाजूक मशीन आहे.”

“मशीन, की मेकॅनिक?”

मग बॉयलरचं निमित्तही लागेना. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तिच्या बाबांनी, सिन्योर ओरेस्तेंनी, जन्मभर खाडीत वाम मासळी पकडलेली, म्हणून मी बाजारातून वाम नेऊन त्यांच्यापुढे धरायचो. बोट वर म्हणजे चांगली. बहुतेक वेळा बोट हलायचंच नाही. “फसवलं तुला कोळ्याने,” इलेनिया हसायची. खूप दिवसांनी हसल्यासारखी.

एकदा भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, “माझी रजा संपतेय. मार्चमध्ये मी परत तोरिनोला, कामावर. एलिओने, माझ्या भावाने, फेराराच्या वृद्धाश्रमात बाबांसाठी खाट बघितलीय.”

“त्यांना विचारलं?”

भांड्यांचा आवाज थांबला.

मला तिला थांब म्हणायचं होतं. उद्या म्हणू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रस्ताभर वाक्यं घोकत गेलो, आणि त्या नादात सरळ आत. खाटेजवळून पुढे, थेट स्वयंपाकघरात. घरचाच झालो होतो ना!

इलेनिया माझ्या मागे बघत होती. सिन्योर ओरेस्तेंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तिने सूप नेलं, त्यांनी ओठ उघडले नाहीत.

“तू सुद्धा, डेनिस?” ती म्हणाली. “घरात कोणी यायचं ते ठरवणं… एवढंच उरलंय रे त्यांच्याकडे. जा आज.”

घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं.

पुढच्या सकाळी दारात उभा राहिलो. “पेर्मेस्सो?”

त्यांचे डोळे छताकडे. बोट हललं नाही. दहा मिनिटं गेली. वीस. धुकं कॉलरमधून पाठीत उतरलं. टपालवाली बाई जाताना ओरडली, “अरे, आत जा की, गोठशील!”

“अजून ‘या’ आलं नाही.”

इलेनिया शाल गुंडाळून दारात आली. “मुद्दाम करतायत. हट्टी आहेत. ये तू, मी सांगते.”

“घर त्यांचं आहे, इलेनिया.”

ती उंबरठा ओलांडून बाहेर, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “मग मी पण इथेच.”

तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी आत बघूनच बोललो.

“सिन्योर ओरेस्ते, चुकलं माझं. मी घरचा झालो हे मीच ठरवून टाकलं. तुम्हाला विचारलंच नाही. आज विचारतो. मला इलेनिया आवडते. फार. हे तिलाही आत्ताच कळतंय—”

“जानेवारीतच कळलं होतं,” ती पुटपुटली. “तीन दिवस कोण बॉयलर दुरुस्त करतं?”

“…आणि तुम्हाला फेराराला जायचं नसेल, तर जाऊ नका. दिवसा नर्स आहे. काम सुटलं की मी येईन, रात्री इथेच झोपेन. दर शुक्रवारी ती तोरिनोहून येईल. रोज दारात विचारेन. नाही म्हणालात, तर सूप खिडकीतून देईन.”

आत त्यांची मान हळूहळू वळली. ते माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. या वेळी बोट नाही, आख्खा हात उचलला. थरथरत, तळवा आतल्या बाजूला ओढत. आमच्याकडे होडीला काठाला बोलावतात, तसा.

मी आत गेलो. इलेनिया दारातच थांबली, फोन कानाला लावून.

“एलिओ? ती खाट नको म्हणून कळव… हो, बाबांना विचारलं. ते घरीच राहणार.” पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. तिने बाहीने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं.

“नाही रे,” ती म्हणाली, “मी एकटी नाहीये.”