चौथ्या भेगेवरची काच

दार लोटून घे रे, थंडी आत येतेय. आणि मधे फोन काढायचा नाही कुणी. मी विद्यापीठात, स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. तेव्हा एम.टेक.ला असलेल्या समताबरोबर हे घडलं.

समता बीबी गावची. गावाबाहेरच्या नाल्यावरचा पूल हा तिच्या अभ्यासाचा विषय. सोबतीला हर्षल. दोघांचा प्रकल्प एक, डबाही एक. पुलाच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने बसवायच्या, तारीख टाकायची. काच तडकली म्हणजे पूल अजून हलतोय. साधी रीत आहे. थंडीत भेग जास्त उघडते, म्हणून नोंद रात्रीची. ते काम हर्षलने आपणहून उचललेलं. केवढं कौतुक होतं तिला त्याचं! सहा महिन्यांत एकही काच तडकली नव्हती. आता 'पूल धोक्याबाहेर' असा अहवाल गेला की त्यावरून शाळेची बस सुरू होणार होती.

११ जानेवारी २०२३, बुधवारची रात्र. दुसऱ्या दिवशी अहवाल सरांपुढे जायचा होता. शेवटची नोंद बाकी, आणि हर्षलला ताप.

"राहू दे वं, मागचाच आकडा टाकू," तो फोनवर म्हणाला.

समताला ते काही पटेना. त्याला तापात कशाला त्रास, म्हणून न सांगताच तिने भावाची स्कूटी काढली. पुलावर पोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

खाली उतरून तिने टॉर्च मारला. पहिली काच शाबूत. दुसरी, तिसरीही. चौथीवर तारीख होती ९ ऑगस्ट. तिचंच अक्षर.

"ते कालची हाये, बाई."

वर कठड्यावर एक म्हातारी बसली होती. शेजारी मेथीची टोपली. एवढ्या रात्री बाजाराला निघाली असेल, असं समताला वाटलं.

"नाही आजी. ऑगस्टची आहे."

"फुटली का नवी लावते. तुह्या संगचा पोरगा. मी पाह्यतो ना."

समता हसली. पण हात आपोआप काचेकडे गेला. सिमेंटला तिने नख लावलं... ओरखडा उठला. पाच महिन्यांचं सिमेंट असं उकरत नाही.

"खाली पाह्य."

नाल्याच्या वाळूत काचा होत्या. तडकलेल्या. सात. प्रत्येकीवर तारीख... ही अक्षरं खरंच तिची होती.

तिने वर पाहिलं.

कठडा रिकामा.

टोपली नाही. पाऊल वाजलं नाही...

तिने हर्षलला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"काचा फुटत होत्या, हर्षल?"

"तू तिथं काऊन गेली वं?" मग हळूच, "अजून एक वर्ष मोजत बसलो असतो आपण. माह्यी लागलेली नोकरी गेली असती. तुह्या चांगल्यासाठीच केलं..."

तिने फोन कापला. अख्खा रस्ता तिला एकच गोष्ट टोचत राहिली. त्याचा ताप खरा होता की खोटा, कोण जाणे. तापाची तिने खरोखर काळजी केली होती.

सकाळी ती काचा ओढणीत बांधून विभागात आली. म्हातारीचं वर्णन ऐकताच मी तिला ओळखलं. मीही बीबीचाच. त्याच नाल्यावरचा आधीचा पूल पहाटे खचला, तेव्हा मेथी घेऊन निघालेली तानुबाई त्यावर होती. तोही पूल कागदावर पक्काच होता.

सरांनी काचा पाहिल्या. "पण समता, अहवालावर सही तर तुझीही असणार."

अहवाल हर्षल शेवटचा आकडा भरून आदल्या संध्याकाळीच देऊन गेला होता. कपाटाला कुलूप मी घातलं होतं, किल्ली माझ्या कनवटीला. मी अहवाल काढला. सरांनी शेवटचं पान उघडलं. समताची सही, तिच्याच वळणाची. तिने कधीच न केलेली. नाल्यात न रडलेली पोर तिथे ढसाढसा रडली. "माझं अक्षर मीच शिकवलं होतं त्याला," म्हणाली, "हजेरी लावायला."

सरांनी अहवाल रद्द केला. बस काही सुरू झाली नाही.

पण पान मिटताना सर थबकले. खाली, साक्षीदाराच्या रिकाम्या जागी, कुणीतरी अंगठा उठवला होता. चिखलाचा.

ते पान अजून विभागात आहे. निवृत्त होण्याआधी मी बोट लावून पाहिलं...

ओलं होतं.