उत्तरेला उतावीळ

त्या दिवशी सकाळचं दिशानियमन होतं. पूर्वी भारनियमनात लाईट जायची. सूर्यावरची वादळं वाढल्यापासून आता दिशा जायची. उपग्रह जळू नयेत म्हणून त्यांना काही तास झोपवून ठेवत, आणि तेवढा वेळ खाली भंडाऱ्यात जो तो पत्ता विचारत फिरे. दुधाचे ड्रोन यायचे नाहीत. पार्सलवाले चौकात गाडी थांबवून "बाबू टेलरच्या मागचं घर कोणतं जी?" म्हणून ओरडायचे. पारावरच्या म्हाताऱ्यांना हे मनापासून आवडायचं, कारण पुष्कळ वर्षांनी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं.

श्रावस्ती मेश्रामचं मात्र घरातून पाऊल निघत नव्हतं. बोधीच्या तोंडात तिनं मऊ भाताचा शेवटचा घास घातला, लेकीच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, मग पुन्हा लेकीच्या.

"गरम नाहीये ती," तिचा नवरा मिलिंद म्हणाला. "मघाशी पाहिलंस, त्याच्या आधीही पाहिलंस. पोरीला वाटेल, कपाळ म्हणजे घराची बेलच आहे."

"डाव्या कानाला सारखा हात लावतेय रे. दुखत असला तर?"

"माझ्यावर गेलीये. मीसुद्धा विचार करताना कान खाजवतो. तू जा. आज उशीर झाला तर उईके सर धावपट्टीवरूनच हाक मारतील, फोनची गरजही पडायची नाही त्यांना."

ती हसली, पण उंबऱ्यावरून एकदा परत आलीच.

असा स्वभाव घेऊन कुणी विमान शिकायला जातं का, असं सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं होतं. ती भौतिकशास्त्रातली पदवीधर, कॉलेज संपल्यावर शाळेत शिकवत होती. पण बोधीच्या वेळी वैनगंगेला पूर आला, रस्ते तुटले, तिचा रक्तस्राव थांबेना. पलीकडे धावपट्टीवर रुग्णविमान उभं होतं आणि उडवणारं कुणी नव्हतं. शेवटी नावेतून नेलं, दोघी वाचल्या. त्या नावेत पडल्या पडल्या तिला आभाळ दिसत होतं, रिकामं. रुग्णविमानांसाठी चालक हवेत अशी जाहिरात निघाली तेव्हा तिनं कुणालाच न विचारता नाव घातलं.

धावपट्टीवर उईके सर विमानाच्या पंखाखाली सावलीत उभे होते. वायुदलातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस, आवाज असा की वारासुद्धा बाजूला व्हावा.

"या बाई. लेकराचा ताप मोजून झाला?"

"ताप नाहीये, सर."

"मग तोंड असं काऊन? ऐका, आज सरळ सांगतो. वळण नीट आलं तर तुम्हाला एकटीला सोडतो. नाही आलं तर मला 'अपात्र' लिहावं लागेल. पावसाळ्याआधी ही तुकडी बंद होते, पुढची कधी निघेल ते मलाही माहीत नाही."

सगळं अडलं होतं ते एका वळणावर. दिशानियमनाच्या वेळात विमानाला दोन गोष्टींचा आधार असे. एक म्हणजे जुनं होकायंत्र: काचेच्या डबीत द्रव, द्रवात तरंगणारी चकती, चकतीला चुंबक. सगळे त्याला डबीच म्हणत. दुसरा सुधारक, वहीएवढं बोलकं यंत्र. डबी वळणात खोटं बोलते, आणि ते खोटं हिशेबानं काढून टाकणारा म्हणून तो सुधारक.

डबी खोटं का बोलते ते उईके सरांनी पहिल्याच आठवड्यात सुईला दोरा बांधून दाखवलं होतं. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेला ओढत नाही, आपल्याकडे थोडं खालीही ओढतं. त्याला झुकाव म्हणायचं. विमान सरळ असेतो बिघडत नाही. वळताना ते कलतं, चकतीही कलते, आणि ती खालची ओढ चकतीला भलतीकडे फिरवते. उत्तरेकडे वळताना डबी मागे रेंगाळते, दक्षिणेकडे वळताना पुढे पळते. म्हणून उत्तर दिसायच्या आधी वळण थांबवायचं, आणि दक्षिण दिसल्यावरही थोडं वळत राहायचं. विद्यार्थ्यांना सर हे ओरडून पाठ करायला लावत: "उत्तरेला उतावीळ, दक्षिणेला दमानं!"

श्रावस्तीला ते पाठ होतं. झोपेतही म्हणत असे, असं मिलिंद सांगायचा. तरी मागच्या मोठ्या सौरवादळापासून तिचं उत्तरेचं वळण बिघडलं होतं. नियमाप्रमाणे ती आधी थांबायची. मग रेंगाळलेल्या डबीनं सावकाश सरकत उत्तर गाठायला हवी. पण डबी अलीकडेच बसून राहायची. तिला राहवायचं नाही. ती विमान आणखी थोडं वळवायची, आणि सुधारक लगेच म्हणायचा, "दिशा ओलांडली."

"थांबल्यावर चुळबुळ करायची नाही!" सर दर वेळी ओरडत. "विमान म्हणजे पाळणा नाही, सारखा हलवायला."

दोघं उडाले. नदीच्या काठाकाठानं दक्षिणेला पवनीच्या पुलापर्यंत दिसत होतं, पुढे मात्र धूर होता. मोहफुलं वेचायला जंगलात पालापाचोळा पेटवतात त्याचे दिवस. त्यात वारा पडलेला. पुलावरून ते पश्चिमेला वळले आणि बघता बघता नदी, शेतं, रस्ते सगळं दुधी धुरात बुडालं.

"बरंच झालं," सर म्हणाले. "आता खाली बघून फसवता येणार नाही. पट्टी बरोबर उत्तरेला. घ्या वळण."

श्रावस्तीनं विमान उजवीकडे कलतं केलं. डबी फिरू लागली. उत्तर यायच्या बरंच आधी सुधारक गोड आवाजात म्हणाला, "उत्तर आली. थांबा." ती थांबली. पंख सरळ. डबीवर वायव्य आणि उत्तर यांच्या मधली रेघ. तिनं वाट पाहिली. रेघ हलली नाही.

"सर, ती सरकत नाहीये."

"सरकेल."

"आणि सर, चकती तिरपी बसलीये. आधी सपाट असायची. आता दक्षिणेची बाजू खाली गेलीये, ताटलीत एका बाजूला वरण जमावं तशी."

"डबी जुनी आहे बाई. माझ्यासारखी."

"सगळ्या विमानांतली तशी झालीये. मी काल सगळी बघून आले."

उईके सरांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. रुग्णविमान घेऊन येणारे कॅप्टन दुर्गे बोलत होते. पट्टीवरचा सगळ्यात जुना चालक, कधी आवाज न चढणारा. आज चढला होता.

"टॉवर, पट्टी सापडत नाही जी! सुधारक म्हणतो उत्तर, मी उत्तरेला उडतोय, खाली नुसता धूर. कुरखेड्याची बाई आहे मागे, कळा देतेय, रक्त थांबत नाही. माझी बॅटरी उतरत आलीये. काय करू?"

टॉवरमधल्या पोरीनं विचारलं, "सर, गोल फिरून पुन्हा बघता का?"

रक्त थांबत नाही. श्रावस्तीला नावेतलं ते रिकामं आभाळ दिसलं, क्षणभरच. मग डोळे परत डबीवर आले, आणि इतके दिवस मनात सुटं सुटं पडलेलं एकदम जागेवर बसलं.

"सर, झुकाव गेलाय."

"काय?"

"खालची ओढच गेलीये इथली. चकती सपाट राहावी म्हणून तिच्या दक्षिण बाजूला वजन लावलेलं असतं ना? खालची ओढ संपली, वजन तेवढं उरलं, म्हणून ती तिरपी. कन्याकुमारीच्या बाजूनं जाणारी ती रेषा, जिथं सुई मुळीच झुकत नाही, ती वर सरकत आलीये. या वादळात बहुतेक आपल्यावरच आली. डबी खरं बोलतेय, सर. सुधारक जी चूक काढून टाकतोय ती आता उरलेलीच नाही! दर वळणाला तो खोटी भर घालतो. सरळ उडत राहिलं तर हळूहळू जुळेल, पण धुरात सरळ उडतंय कोण? कॅप्टन दुर्गे वळत वळत भरकटतायत."

"आणि तुमचं चुकलं तर?" सर हळू बोलले. त्यांचा हळू आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "बाईचा जीव आहे तिकडे."

"तपासता येतं. मी आता डबीवर उत्तर धरते आणि तिथून डावीकडे वळते. झुकाव असेल तर डबी आधी उलटी, उजवीकडे सरकेल. तुम्हीच शिकवलंय. नसेल तर सरळ डावीकडे जाईल."

"करा."

तिनं डबीवर उत्तर आणून धरली. मग डावीकडे कल दिला. दोघं त्या डबीवर असे वाकले की दोघांची डोकी आपटली. चकती क्षणभरही अडखळली नाही. उलटी तर मुळीच गेली नाही. विमानाच्या बरोबरीनं, गुणी पोरीसारखी, पश्चिमेकडे निघाली.

"बाप्पा," उईके सर म्हणाले. आयुष्यभर शिकवलेला नियम डोळ्यांदेखत गळून पडला होता, आणि त्यांनी रेडिओचा माईक काढून तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. मला अजून गिळायला वेळ लागेल."

"कॅप्टन दुर्गे, सुधारक बंद करा. नुसत्या डबीवर या."

"कोण बोलतंय? ती ताप मोजणारी बाई? डबीवर? या धुरात? उईके कुठं आहे?"

"बाजूला बसलाय!" सर गरजले. "आणि ती सांगते ते ऐक, दुर्ग्या! तुझ्या खाली काय दिसतं ते सांग."

मग दुर्गे म्हणाले, "भोक पडलंय धुराला. कोळशाची खाण दिसतेय. उमरेडची वाटते... पण उमरेड कशी असेल? मी सरळ उत्तरेला उडत होतो!"

"उमरेडचीच आहे," श्रावस्ती म्हणाली. "तुम्ही पश्चिमेला वाहवलात. खाण सोडू नका. तिच्यावरूनच ईशान्येला वळा. डबीवर ईशान्य आली की तिथंच थांबा. आधी नाही, नंतर नाही. नियम विसरा."

"तीस वर्षांचा नियम, बाई."

"हो. तेवढा एक आजच्यापुरता विसरा, दादा."

दादा कसं तोंडून गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पलीकडून सुस्कारा आला. "सुधारक बंद. वळतोय."

आता तिचं स्वतःचं वळण. पट्टी त्यांनाही गाठायची होती. ती उजवीकडे वळू लागली आणि सुधारक बोलला, "उत्तर आली. थांबा." ती थांबली नाही. "दिशा ओलांडली. दिशा ओलांडली." सरांचा हात दांड्याजवळ गेला, घुटमळला आणि त्यांनी त्या हातानं सुधारकाचं बटण दाबून त्याला गप्प केलं. डबीवर उत्तर आली. ती तिथंच थांबली. रेघ जागच्या जागी.

मग नुसता धूर आणि मोटरची गुणगुण. डोळ्यांत पाणी येईतो ती पाहत राहिली. लेकीच्या पाळण्याशी ती अशीच बसायची, छाती वरखाली होतेय ना बघत. त्या बघण्याला घरात सगळे हसायचे.

"वाळू!" सर ओरडले. "उजव्या हाताला वाळू!"

वैनगंगेचं पांढरं पात्र धुरातून वर आलं, त्याच्या पलीकडे टॉवर, आणि नाकासमोर पट्टी. एका रेषेत, आखल्यासारखी.

"खाली नको," सर म्हणाले. "पट्टी दुर्ग्यासाठी मोकळी ठेवा. इथंच फिरत राहा."

ती फिरत राहिली. नैर्ऋत्येकडच्या धुराकडे पाहत राहिली. दोन वेळा तिला ठिपका दिसल्यासारखा वाटला, दोन्ही वेळा घार होती. तिसऱ्यांदा घार नव्हती. पांढरं विमान धुरातून निघालं, सरळ पट्टीच्या तोंडावर आलं आणि टेकलं. रुग्णवाहिका त्याच्या मागे धावली. टॉवरमधली पोर रेडिओ बंद करायला विसरून रडत होती, हसत होती, कुणाला तरी "उतरले गं, उतरले!" सांगत होती.

"टॉवर," दुर्ग्यांचा आवाज आला, पुन्हा नेहमीसारखा खाली उतरलेला. "सगळ्यांना सांगा, सुधारक बंद ठेवा म्हणावं. आणि त्या बाईंना सांगा, दादा म्हणालात ते आता परत घ्यायचं नाही."

संध्याकाळपर्यंत कुरखेड्याच्या बाईला मुलगा झाल्याची आणि दोघंही सुखरूप असल्याची बातमी आली. देशभरातल्या चुंबकत्व मोजणाऱ्या केंद्रांनी आपापले आकडे पुन्हा उघडले. झुकाव घटल्याच्या नोंदी सगळ्यांकडे होत्या. वादळाचा गोंधळ समजून प्रत्येकानं त्या बाजूला ठेवल्या होत्या. श्रावस्तीला दिल्लीहून फोन आला तेव्हा ती बोधीला भरवत होती, आणि तिनं "दहा मिनिटांनी करा" म्हणून तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी उईके सर विमानातून खाली उतरले आणि दार बाहेरून लावून घेतलं. शेजारची खुर्ची रिकामी.

"जा," ते म्हणाले. "आता ओरडायलाही कुणी नाही."

ती एकटी उडाली. ज्या आभाळाकडे ती कधीतरी नावेतून पाहत होती त्यात आज ती होती. भीती वाटत होतीच. भीती जवळ घेऊनच तिनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि डबी दोन्ही वेळा तिच्याबरोबर वळली. ती मोठ्यानं हसली. विमानात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आणखी मोठ्यानं हसली.

रेडिओवर अनोळखी आवाज आला. लांबचा, पुसट, बोलण्यात तेलुगूची छटा.

"भंडाऱ्याच्या बाई आहात का? मी सिरोंच्याहून बोलतो, तुमच्या खूप दक्षिणेला. आमच्याकडे डबी बरोबर चालत नाही. उत्तरेकडे वळताना पुढे पळते, दक्षिणेला रेंगाळते. सगळं उलटं."

म्हणजे ती रेषा सिरोंच्याच्या वर, भंडाऱ्याच्या जवळपास कुठेतरी होती आणि पलीकडे सगळे नियम पालटले होते. जगातल्या कुठल्याही नकाशावर ती आज नव्हती.

"बाई, ऐकताय ना? ती रेषा थांबलीये कुठं? की अजून वर चाललीये?"

श्रावस्तीनं डबीकडे पाहिलं. चकतीची दक्षिण बाजू कालच्यापेक्षा केसभर आणखी खाली होती का?

"बघून सांगते," ती म्हणाली, आणि रेषा शोधायला टॉवरकडे दक्षिणेला जायची परवानगी मागितली.