बारा नॅनोमीटर

“कुपी खरखरीत बाजूंनी धरा. गुळगुळीत बाजूला बोट लागलं, की यंत्र रंगासोबत तेही मोजतं.”

“मग माझं बोट किती नॅनोमीटरवर येतं, तेही सांगा,” तो म्हणाला.

शेजारच्या संगणकखोलीची किल्ली मागायला तो आमच्या प्रयोगशाळेत आला होता आणि माझी निळी कुपी न विचारता उचलून, खिडकीच्या उजेडात धरून उभा होता.

रंगाच्या रेणूतली साखळी जितकी लांब, तितक्या लांब लहरीचा प्रकाश तो शोषतो. ही लहर मी यंत्रावर मोजत असे, तो गणिताने वर्तवत असे. साखळी म्हणजे अरुंद पेटी आणि तिच्यात येरझारा घालणारा इलेक्ट्रॉन, अशी त्याची मांडणी होती. त्याचा आकडा माझ्यापेक्षा बाराने कमी येई. त्या बारा नॅनोमीटरांपायी तो रोज दुपारी येऊ लागला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

“मोजणीबाई, पुन्हा एकदा मोजतेस?”

“यंत्र तेच सांगणार.”

“सांगू दे. ऐकायला बरं वाटतं… यंत्राचं.”

तिसऱ्या आठवड्यात मी यंत्रात तपासणीची काच ठेवली. तिचे आकडे आधीच ठाऊक असतात. खरं तर हे काम पहिल्या दिवशीच करायचं असतं. यंत्र बाराने पुढे दाखवत होतं. त्याचं गणित बरोबर होतं.

तेवढ्यात तो आला. “आज काय म्हणतंय?”

मी जुनाच आकडा सांगितला. वाद मिटला, तर तो येणार कशाला?

घरी ताई म्हणाली, “मूग गिळून बसशील, तर एक दिवस नुसते मूगच उरतील.” तिला प्रेमाचं तेवढं ठाऊक होतं; काचेचं नाही.

पंधरा दिवसांनी एका दुपारी तो नेहमीसारखा आला, पण बसला नाही.

“पेटी दोन्ही टोकांना ताणून तुझ्या आकड्याशी जुळवली, तर बाकीचे रंग जुळेनात. माझी गणिताची पद्धत मागे घेतोय, असं सरांना सांगितलं. दुसऱ्या गावी काम मिळालंय… सोमवारी निघतो.”

मी नोंदवही उघडून त्याच्यापुढे ठेवली. काचेची नोंद त्याने वाचली, मग तारीख.

“पंधरा दिवस?”

“सांगितलं असतं, तर तू आला नसतास. मला तू यायला हवा होतास… रोज.”

त्याने त्या तारखेवर बोट ठेवलं.

“यंत्र तपासलंस का, असं विचारणार होतो एकदा. मग वाटलं, तू न तपासता सांगणार नाहीस.” त्याने वही मिटली. “आणि आलो असतो मी. काही काम नसतानाही.”

त्याच दिवशी मी सरांना सगळं लिहून दिलं. त्याची पद्धत मान्य झाली. तो मात्र सोमवारी गेला.

जाण्याआधी त्याने निळी कुपी उचलून उजेडात धरली होती, पहिल्या दिवसासारखीच, गुळगुळीत बाजूंनी. या वेळी मी त्याला टोकलं नाही. ती कुपी आता मोजणीला चालत नाही. मी ती पुसलेली नाही.