बाद फेरीतली कॅचर

बाद फेरीत चांगले चांगले पिचर ढेपाळतात, असं बेसबॉलच्या मैदानावर दर वर्षी कुणीतरी म्हणतं आणि दर वर्षी मला ते ऐकून घ्यावं लागतं. मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे असली विधानं कानावर पडली की माझा चहा बेचव होतो. साखळीत पिचर महिनाभर चेंडू टाकते, समोर कच्चे संघही येतात. बाद फेरीत सामने दोन-तीनच, समोर निवडक फलंदाज आणि हात दमलेला. तेवढ्यावरून एखाद्याच्या काळजाचं माप काढायचं म्हणजे एक पेरू चाखून अख्ख्या बागेचा सौदा करण्यासारखं आहे.

हे मी ज्ञानदेवरावांनाही ऐकवलं होतं. ते महिलांच्या राज्य संघाच्या निवड समितीत होते आणि पिचर आम्रपालीला ‘साखळीची राणी’ म्हणत. कौतुकाने नव्हे. पुण्यात तिच्याइतका वळणारा चेंडू कुणाचा नव्हता, पण सलग तीन वर्षं बाद फेरीत तिची धूळधाण उडाली होती. तुमचं गणित बरोबर असेल, पण मी संघ डोळ्यांनी निवडतो, असं ज्ञानदेवरावांनी मला सुनावलं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, पण निवृत्तीनंतर मी या सामन्यांचा अंपायर, आणि अंपायरने निवडीत पडायचं नसतं.

यंदाचं वर्ष आम्रपालीचं शेवटचं होतं. हडपसरच्या ज्या कंपनीत ती कामाला होती, तिथल्या साहेबाने पुढच्या वर्षी रजा किंवा नोकरी, काय ते एकच, असं सांगून टाकलं होतं. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा रस्ता उघडणार होता आणि खेळही सुटणार नव्हता. तिचे वडील बाबुराव मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची उघडता उघडता मला हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. खुर्ची मात्र त्यांच्याकडून लवकर उघडेना.

आता माझ्या जागेविषयी सांगायला हवं. पिचर समोरून चेंडू फेकते. कॅचर होम प्लेटमागे उकिडवी बसून बोटांनी खूण करते, कुठला चेंडू टाकायचा ते सांगते आणि पिचरने मान डोलावून होकार दिला की येणारा चेंडू पकडते. तिच्या मागे वाकून उभा असतो तो मी. अंतराचा अंदाज राहावा म्हणून आम्ही अंपायर कॅचरच्या पाठीवर हलका हात टेकवतो. मुलींच्या सामन्यात मी आधी विचारतो, चालेल ना म्हणून.

गेल्या वर्षापर्यंत आम्रपालीची कॅचर कादंबरी होती. अंगाने चांगली भरलेली, पाठ ऐसपैस. प्रत्येक चेंडूआधी ती खोल श्वास घ्यायची आणि रोखून धरायची, तेव्हा तिची पाठ माझ्या तळव्याखाली वर यायची. एकदा बाद फेरीतला सामना हरल्यावर पायाचे पॅड सोडताना ती म्हणाली होती, “सर, ताई बाद फेरीत माझ्याकडे बघतच नाही. सगळ्या मैदानाकडे बघते. मी तिला अजून मोठी दिसायला पाहिजे.”

आणखी किती मोठी होणार आहेस, असं मी म्हणालो आणि ती पोट धरून हसली. यंदा दिवाळीच्या आसपास तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. बातमी ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही.

तिच्या जागी पूर्वा आली. पोरगी चपळ, पण इतकी सडपातळ की तिच्या जर्सीत आणखी एक पूर्वा सहज मावली असती.

उपांत्य सामना बिबवेवाडीतल्या मैदानावर होता. डिसेंबरची सकाळ, टँकरने मारलेलं पाणी वाळून धूळ पुन्हा उडायला लागलेली, भोवतीच्या इमारतींतून कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या दोन डावांत आम्रपालीने चेंडू वाटेल तिथे टाकले. तिची नजर गॅलऱ्यांवर, भिंतीला लावलेल्या स्कूटरवर, ज्ञानदेवरावांच्या टोपीवर फिरत होती. समोर सोडून सगळीकडे.

तिसऱ्या डावात मी नेहमीसारखा हात टेकवला आणि तळव्याखाली पाठ वर आली. खोल श्वास, मग रोखून धरलेला.

पूर्वा घाबरली असेल, असं मला वाटलं. घाबरलेली माणसं श्वास रोखतात, त्यात विशेष काही नाही. पण तळवा पुरता टेकला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अजून पाठ उरली होती. मी मान खाली घालून बघितलं. पूर्वाची जर्सी माझ्या हातापासून चांगली वीतभर खाली होती.

मी हात काढला. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती का, ते आठवून पाहिलं. घेतली होती.

पुन्हा हात ठेवला. तो तिथेच टेकला, वीतभर वर, कोमट आणि घट्ट अशा कशावर तरी. समोर आम्रपाली पहिल्यांदाच सरळ बघत होती. तिने मान डोलावली आणि चेंडू असा आला की फलंदाज बघतच राहिली. त्यानंतर तिने कुणाला पुढे सरकू दिलं नाही.

सामना जिंकल्यावर पूर्वा माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

“सर, तुम्ही नंतर पाठीवर हात ठेवलाच नाहीत. माझं काही चुकलं का?”

नाही म्हणालो. ती तरीही घुटमळली.

“आणि ताई मान डोलवत होती ना, ते मी खूण करायच्या आधीच.”

तिला म्हटलं, जिंकलात ना, मग घरी जाऊन झोप काढ. मी स्वतः मात्र वारज्याला पोचल्यावर आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब ठीक, डोळे ठीक. डॉक्टर म्हणाले, उन्हात उभं राहायचं वय नाही आता तुमचं. फी घेऊन टोमणा फुकट.

एका निरीक्षणावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. अंतिम सामन्याला मी ठरवूनच गेलो होतो की हात मुद्दाम उंचावरून सावकाश खाली आणायचा. पहिल्या डावात आणला. तो सरळ पूर्वाच्या जर्सीवर टेकला, हाडं लागली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. मला हायसं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात मी इतका हिरमुसलो की माझी मलाच लाज वाटली.

आम्रपाली आज स्वतःच्या बळावर छान टाकत होती. शेवटच्या डावापर्यंत तिचा संघ एका धावेने पुढे होता. मग भिंतीपलीकडे कुणाच्या तरी वरातीचा बँड सुरू झाला, लोक उभे राहिले आणि तिची नजर सुटली. दोन गडी बाद होते, पण तिसऱ्या बेसवर, म्हणजे होम प्लेटच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यावर, धावपटू येऊन उभी राहिली. ती होम प्लेटला पोचली की बरोबरी. ज्ञानदेवरावांनी पेन खिशाला लावलं. बाबुराव खुर्चीतून उठून पाठमोरे उभे राहिले.

फलंदाजाचे दोन स्ट्राइक झाले होते. आता एकच हवा होता, तिसऱ्या स्ट्राइकला ती बाद आणि सामना खिशात.

मी हात खाली आणला. तो अर्ध्या वाटेतच थांबला.

पाठ वर आली. श्वास रोखला गेला. या वेळी ती वाढतच गेली, रुंद होत गेली, इतकी की मला अर्धं पाऊल मागे सरकावं लागलं. पूर्वा खाली एवढीशी दिसत होती.

आम्रपालीने समोर बघितलं. तिचे खांदे सैल झाले. तिने मान डोलावली.

चेंडू आला आणि प्लेटपाशी येऊन एकदम खाली बसला. फलंदाजाची बॅट हवेत फिरली.

तिसरा स्ट्राइक. पण चेंडू टप्पा घेऊन पूर्वाच्या ग्लोव्हखालून निसटला. पकडला नाही तर डाव संपत नाही. चेंडू मागच्या जाळीपर्यंत गेला की बरोबरी झालीच म्हणायची.

तो गेला नाही. माझ्या गुडघ्यांपुढे, हवेत, चामड्यावर चेंडू बसल्याचा खणखणीत आवाज आला.

मी खाली बघितलं. चेंडू माझ्या दोन बुटांच्या मधे पडला होता.

पूर्वाने झडप घालून तो उचलला आणि फलंदाजाला लावला. मी ओरडलो, “आउट!”

चेंडू अंपायरला लागून थांबला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. तसं झालं तरी खेळ नियमात बसतो, त्यामुळे निर्णयाविषयी माझ्या मनात शंका नाही. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने मला पायाला बर्फ लावायला दिला. लावायला जागा सापडली नाही.

ज्ञानदेवराव माझ्याजवळ आले. तिचं नाव घेतलंय, एवढंच बोलले आणि शिष्टाचार म्हणून की काय, मला चहा पाजला. चहा उत्तम होता. बाबुराव घडीच्या खुर्चीत बसून उपरण्याने डोळे पुसत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्या शेजारी धुळीतच बसलो.

विजेत्या संघाचा फोटो काढायला साईनाथ नावाचा फोटोग्राफर आला होता. लग्नसराईतला माणूस, बेसबॉल म्हणजे काय हे त्याने त्याच दिवशी पाहिलं. मुली दोन रांगांत बसल्या. पुढच्या रांगेत आम्रपाली होती. तिच्या एका बाजूला, थोडं अंतर सोडून, पूर्वा बसली होती. तिने आपला कॅचरचा जाळीचा मास्क काढून मांडीवर ठेवला होता.

साईनाथने कॅमेऱ्यातून बघितलं, हाताने दोन-तीन मुलींना सरकवलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, “मधल्या ताई, ते तोंडावरचं जाळीचं काढा की. चेहरा दिसत नाहीये.”

पूर्वाने मांडीवरच्या मास्ककडे बघितलं, मग माझ्याकडे.

आम्रपाली समोरच बघत होती. तिने बाजूला किंचित सरकून आणखी थोडी जागा केली.

“राहू द्या दादा,” ती म्हणाली. “सामन्यानंतर तिला दम लागलेला असतो. असाच घ्या.”