सांडूमामांचं चुंबक

पटलं तर घ्या, नाय तर सोडून द्या. पण मी रचून सांगत नाय. माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

गेल्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. संभाजीनगरातलं डोळ्यांचं एक हॉस्पिटल.

आमचे हे, राजेंद्र, बिडकीनला फॅब्रिकेशनच्या शेडवर कामाला. छिन्नीवर हातोडा मारताना लोखंडाची कपची उडाली अन् थेट उजव्या डोळ्यात घुसली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर नुसती प्लॅस्टिकची वाटी चिकटवली. बजावलं, "कपची खोल आहे. चोळायचं नाही, दाबायचं नाही. सकाळी ऑपरेशन. तोवर हलली तर नजर जाईल."

हे मात्र वैतागलेले. "सांडूमामा असते तर कवाच काढली असती!"

मामा म्हणजे शेडवरचे जुने मिस्त्री. कुणाच्याबी डोळ्यात लोखंडाचा कण गेला की जुन्या स्पीकरचं चुंबक डोळ्याजवळ धरायचे. वरवरचा कण निघायचा. म्हणून सगळे त्यांच्याकडंच पळायचे.

मामा दिवाळीतच वारले होते.

मी चहा आणायला खाली गेले. परत आले तर…

वाटीची चिकटपट्टी निघालेली.

"अहो, हात लावला का?"

"मी नाय. मामा आलते."

माझं डोकंच फिरलं. "गोळ्यांची गुंगी चढलीय तुम्हाला. गप पडा!"

शेजारच्या खाटेवरची लीलाबाई म्हणाली, "अगं, आलता की एक म्हातारा. तेलकट कपड्यांचा. अंगावरनं नुसतं पाणी निथळत होतं."

मी खाली बघितलं…

फरशी ओली.

मग मी जागची हलले नाय. वाटीवर तळवा धरून बसले. लई भ्याले होते.

जरा वेळानं बांगडीत अडकवलेल्या पिना हलल्या. एकेक करत सरळ झाल्या…

दाराकडं.

तळव्याखाली हे किंचाळले.

सकाळी डॉक्टरीणबाई माझ्यावरच भडकल्या. "चुंबक कुणी लावलं? कपची हललीय!"

कपची निघाली. नजर गेली.

मी शेडवर जाऊन मालकाला, बद्रीनाथभाऊंना, गाठलं. "मामांचं चुंबक कुठंय?"

त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, ते तर मामांच्या अस्थींसंगं पैठणला गोदावरीत सोडलं. मीच सोडलं."

पुढं हे एका डोळ्यानं पुन्हा कामाला लागले.

काल घरी आले ते डावा डोळा चोळत.

"काय झालं?"

"कण गेलता. निघाला."

"कुणी काढला?"

यांनी तोंड फिरवलं.

गालावर बोटांचे ठसे होते… ओले, तेलकट.

आज यांना कामावर जाऊ दिलं नाय. दाराला आतून कडी घातलीय. बांगडीतल्या पिना काढून डब्यात टाकल्यात. त्या कुठं वळतात, ते बघायची हिंमत नाय माझ्यात.