उणे एक

दारावरच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत आलं, "घरात कोणी नाही", आणि अंकुश ताजने नेहमीसारखा हसला. गेले तीन महिने ती पाटी दुपारी हेच सांगत होती आणि गेले तीन महिने त्याची बायको प्रतिभा आतच होती. तो कुलूप काढायचा आणि आतून तिचा आवाज यायचा, "या, भूत जागं आहे."

त्या दिवशी आवाज आला नाही. त्याने चपला काढल्या, हातातली लिंबं ओट्यावर ठेवली, दोनदा हाक मारली. खोलीचं दार लोटलं. प्रतिभा कुशीवर झोपलेली होती, उशाशी पाण्याचा पेला भरलेला तसाच. खोली छान थंड होती. तिचा हातही थंड होता.

त्या दिवशी पाटी बरोबर होती.

डॉक्टर आले, त्यांनी जुनी फाईल चाळली. प्रतिभाने उमेदीची वीस वर्षं कोळसा डेपोच्या वजनकाट्यावर पावत्या फाडण्यात घालवली होती. फुप्फुसं तिथेच गेली होती. "हे होणारच होतं," डॉक्टर म्हणाले. अंकुशने मान हलवली. त्यालाही तसंच वाटलं.

चंद्रपूरचा पारा आता मेमध्ये पन्नासावर जातो. अशा शहरात माणसं राहतात ती इमारतींच्या जोरावर. या इमारतींना उघडणाऱ्या खिडक्या नसतात. काचा असतात, पण त्या कायमच्या बसवलेल्या. भिंतींच्या आत बारीक नळ्यांतून गार पाणी फिरतं, त्यामुळे खोली थंड राहते. हवा मात्र वेगळ्या वाटेने येते. पत्र्याच्या नळीतून ती प्रत्येक खोलीत पोचते आणि नळीच्या तोंडाशी एक झडप असते. लोक तिला पापणी म्हणतात, कारण ती तशीच उघडझाप करते.

बाहेरची पन्नास अंशांची हवा गार करून आत सोडायची तर भरपूर वीज लागते. म्हणून नियम असा की जिथे माणूस आहे तिथेच हवा द्यायची, आणि आहे तेवढ्याच माणसांपुरती. माणूस आहे की नाही हे श्वासमापक सांगतो. काडेपेटीएवढी ती डबी भिंतीत बसवलेली असते. माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बाहेरच्या हवेत तो दहा हजार भागांत चार-पाच भाग असतो, भरल्या खोलीत वाढत जातो. डबी तो मोजते, खोलीत किती माणसं आहेत याचा हिशेब करते आणि पापणी तेवढी उघडते. जी इमारत कमीत कमी विजेत हे सगळं करते तिला पर्ण मंडळ पितळी पानांची पाटी देतं. एक पान म्हणजे जेमतेम, पाच पानं म्हणजे उत्तम. पाच पानांच्या इमारतीला उन्हाळ्यात वीजकपात नसते. त्यामुळे पानांसाठी लोक काहीही करतात.

अंकुशला हे सगळं माहीत होतं, कारण त्याने आयुष्यभर याच नळ्या बसवल्या होत्या. तो पत्र्याचं काम करणारा माणूस. शिक्षण दहावी. स्वतःच्या इमारतीतल्याही अर्ध्या पापण्या त्याच्याच हातच्या होत्या.

तेरवी झाली त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी राऊत वर आले. खिशातून रुमाल काढून तोंड पुसत म्हणाले, "ताजने, वेळ बरोबर नाही, पण सांगतो. पाचवं पान आलं आपल्याला."

अंकुशने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"उद्या पाटी लावतो. मोठा कार्यक्रम नाही करत, वहिनींचं असं झालं म्हणून. नुसते पेढे. आणि एक सांगू का, अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमच्या घराचा आकडा सगळ्यात चांगला. दिवसभर हवेचा खर्च शून्य. मंडळाच्या साहेबांनी कौतुक केलं."

"शून्य?"

"शून्य म्हणजे शून्य. दिवसभर तुम्ही कामावर असता ना."

"प्रतिभा घरी होती, राऊत."

राऊतांनी रुमालाची घडी घातली. "हो, ते आहेच म्हणा," ते म्हणाले आणि उठले. जाताना टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून गेले.

अंकुश पुड्याकडे बघत बसला. मग त्याने शिडी आणली, खोलीतली पापणी उघडली आणि नळीत बॅटरी मारली. नळीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. चाळीस वर्षांच्या कामात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. जिथे हवा फिरते तिथे कोळी घर बांधत नाही.

त्याने फोन काढून जाळ्याचा फोटो घेतला. मग तो शिडीवरून उतरला.

श्वासमापक ज्यांनी बनवला त्या डॉ. ओवी कुलथे नागपूरला बसत. अंकुश तीन दिवस त्यांच्या दारात बसला. चौथ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. वय पस्तिशीचं, केस आखूड, टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा. अंकुशने जाळ्याचा फोटो समोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"काका, असं होऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "खोलीत माणूस असेल तर डबीला कळतंच. बिघडली असती तर लाल दिवा लागला असता."

"दिवा हिरवाच होता."

त्यांनी त्या घराच्या नोंदी पडद्यावर काढल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग एकदम विचारलं, "शून्यदिवसाला तुमच्या मिसेस कुठे होत्या?"

अंकुशने मान खाली घातली.

शून्यदिवस वर्षातून एकदा येतो. कुठलाही तराजू वापरून वापरून थोडा सरकतो, तशी ही डबीही सरकते. म्हणून वर्षातून एक दिवस तिला दाखवावं लागतं की रिकामी खोली म्हणजे काय. त्या दिवशी भल्या पहाटे अख्ख्या इमारतीत बाहेरची हवा खेळवतात. मग सगळे रहिवासी बाहेर पडतात, पापण्या मिटतात आणि रात्रीपर्यंत इमारत रिकामी राहते. डबी त्या दिवसाच्या शेवटी जी हवा मोजते तिला शून्य मानते. पुढचं वर्षभर त्या शून्यावरून मोजमाप. प्रत्येक घराच्या मालकाने "घर रिकामे होते" अशा कागदावर सही करायची असते. लोकांनी या दिवसाची सहल करून टाकली आहे. बसगाड्या ठरतात, तलावावर जातात, निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजतात, सोबत वांग्याची भाजी होते, अंताक्षरी होते.

"घरीच होती," अंकुश म्हणाला. "तिला बसमध्ये धाप लागते. राऊत म्हणाले, काहून त्रास देता वहिनींना, एका माणसाच्या श्वासानं काय फरक पडते. दार लावून पडून राहा म्हणावं. तीपण म्हणाली, तुम्ही जा, माझ्यासाठी रोडगा आणा. मी गेलो."

"आणि सही?"

"केली."

डॉ. ओवींनी डबा बाजूला सारला. त्या सावकाश बोलू लागल्या, शाळेत शिकवतात तशा.

"तुमची खोली आठ बाय दहाची. दार बंद, पापणी बंद, आत एक माणूस, चौदा तास. रात्रीपर्यंत तिथल्या हवेत दहा हजारांत शंभर भाग कार्बन डायऑक्साइड झाला असेल. डबीने तेच शून्य धरलं. तिला वाटलं, रिकामी खोली अशी असते."

"म्हणजे प्रतिभाचा श्वास..."

"तिच्या दृष्टीने तो खोलीचाच भाग झाला. भिंतीसारखा. त्यानंतर हवा शंभरच्या पुढे गेली तरच डबीला माणूस दिसणार. तुम्ही रात्री आलात की आकडा वाढायचा, पापणी थोडी उघडायची. सकाळी तुम्ही गेलात की बंद."

"थोडी उघडली असती तर जाळं तुटलं असतं."

डॉ. ओवींनी पुन्हा नोंदी बघितल्या. "तुम्ही रात्री कुठे झोपायचात?"

"बाहेरच्या खोलीत. माझ्या घोरण्यानं तिची झोप मोडे."

"म्हणजे त्यांच्या खोलीतली पापणी तीन महिने उघडलीच नाही."

"धडधाकट माणसाला त्या हवेत डोकं दुखलं असतं," त्या पुढे म्हणाल्या. "तो उठून बाहेर आला असता. त्यांची फुप्फुसं आधीच आतला वायू नीट बाहेर टाकत नव्हती. अशा माणसाला गुंगी येते. झोप वाढत जाते."

अंकुशला आठवलं. सहलीहून आल्यावर त्याने तिला डबा दिला होता. तिने अर्धा रोडगा खाल्ला आणि म्हणाली, "डोकं जड झालं हो." मग रोजच जड होऊ लागलं. तो तिला म्हणायचा, "पडून राहा, आराम कर." खोली थंड होती. बाहेर आग पडत होती. कुणालाही वाटलं असतं की ती सुखात आहे.

त्याला सहलीतल्या वांग्याच्या भाजीची चव जिभेवर आली. त्या दिवशी त्याने दोनदा वाढून घेतली होती.

"तुमच्या मशीनचा दोष आहे की माझा?" त्याने विचारलं.

"काका, मी डबी बनवली तेव्हा धरूनच चालले होते की प्रत्येक माणूस कधीतरी घराबाहेर पडतो."

"घराबाहेर न पडणारी माणसं तुम्ही पाहिली नाहीत कधी?"

डॉ. ओवींनी नोंदी पुढे सरकवल्या. त्यांची नजर एका ओळीवर अडकली. प्रतिभा गेली त्या दिवसापासूनची नोंद होती. खोलीचं दार उघडं राहिलं होतं, माणसं आली-गेली होती, हवा मोकळी झाली होती. नंतर अंकुश नागपूरला आला आणि घर खरोखर रिकामं झालं. त्या ओळीत माणसांच्या रकान्यात आकडा होता, उणे एक.

"हे काय?" अंकुशने विचारलं.

"शून्यापेक्षाही कमी. डबीच्या हिशेबात रिकाम्या खोलीतून एक माणूस कमी झाला." त्या म्हणाल्या. "असे उणे आकडे येतात अधूनमधून. आम्ही ते चूक म्हणून गाळून टाकतो. गाळण मीच लिहिली आहे."

"गाळू नका. बघा."

त्यांनी गाळण काढली. चंद्रपुरातल्या सगळ्या पर्ण-इमारतींची तीन वर्षांची यादी आली. एकेचाळीस खोल्या. पुढचे चार दिवस दोघांनी फोन केले. अकरा घरांतून कुणी कायमचं मुलाकडे राहायला गेलं होतं. उरलेल्या तीस घरांत मृत्यू झाला होता, आणि फोनवरचा माणूस विचारायचा, "तुम्हाला कसं कळलं?" कुणाची अर्धांगवायू झालेली आई. कुणाचा दम्याचा भाऊ. एका घरातली बाळंतीण वाचली होती, बाळ नाही. त्या बाईचा जन्मही त्याच इमारतीत झाला होता. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. सगळ्या इमारती चार किंवा पाच पानांच्या होत्या.

डॉ. ओवी यादी घेऊन मंडळाकडे गेल्या. अंकुशलाही आत बसू दिलं. मंडळाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, त्यांनी उठून हात जोडले. म्हणाले, या माणसांचे आजार आधीचेच होते, डॉक्टरांचे दाखले तसे आहेत. सगळ्या घरांतल्या पापण्या उघड्या ठेवल्या तर शहरातली एकही इमारत दोन पानांच्या वर राहणार नाही, वीज पुरणार नाही, आणि मग उन्हाळ्यात मरतील ते तीस नसतील. पुढच्या शून्यदिवसापासून कागदावर एक ओळ वाढवू, "घरात आजारी व्यक्ती नव्हती." सही कडक करू.

"आत्ता जे आत आहेत त्यांचं काय?" डॉ. ओवींनी विचारलं.

"त्यांची यादी द्या. लगेच पापण्या उघडतो. कुठे आहे यादी?"

यादी नव्हती. काढता येतच नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर अंकुशने विचारलं, "काहून नाही निघत जी? त्या एकेचाळीस निघाल्या ना."

"ते खोली सोडून गेले म्हणून निघाले. जे अजून आत आहेत त्यांच्या खोलीत शून्यच दिसणार. रिकाम्या खोलीतही शून्य. मला दोन्ही सारखेच दिसतात."

"म्हणजे गेल्यावरच दिसतात."

"हो."

अंकुश पायरीवरच थुंकला. थुंकून त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण त्याने पुसलं नाही.

परत आल्यावर त्याने पहिल्यांदा आपल्या इमारतीच्या दारावरची पाच पानांची पाटी पाहिली. कुणीतरी तिला झेंडूची माळ घातली होती. राऊत भेटले. "ताजने, मंडळाकडे गेला होतात म्हणे? बाप्पा, असं करू नका. पान काढून घेतील. वहिनी काय परत येणार आहेत?"

"तुमच्या आई वर असतात ना, राऊत?"

"असतात. का?"

"शून्यदिवसाला बसमध्ये नव्हत्या."

राऊतांनी वर पाहिलं. मग ते जिन्याकडे धावले. साठीचा माणूस, लिफ्टची वाट न बघता.

त्यानंतर अंकुशने काम सोडलं. तो रोज सकाळी शिडी खांद्यावर घेऊन निघतो, दारं ठोठावतो आणि एकच प्रश्न विचारतो, "घरात कायम कोण असतं?" पुष्कळ लोक म्हणतात, "कुणी नाही," आणि त्यांच्या मागून खोकल्याचा आवाज येतो. मग तो शिडी लावतो, पापणीत लाकडाची पाचर ठोकतो म्हणजे ती मिटत नाही, आणि पुढच्या दाराकडे जातो. डॉ. ओवी रविवारी येतात, शिडी धरतात. मंडळाने त्या दोघांना दोन नोटिसा पाठवल्या आहेत.

चंद्रपुरात पर्ण-इमारतींमध्ये एकोणीस हजार घरं आहेत. आजवर तीनशे बारा दारं ठोठावून झाली आहेत.