शंकर मास्तरांची मरणवही

"माझी वही चोरीला गेली, भाई! सत्यवानाच्या आईचं शेवटचं बोलणं आहे हो तिच्यात."

देवबागचे शंकर मास्तर म्हणजे अजब वल्ली. मरणाऱ्याच्या उशाशी बसायचे नि तो बोलेल ते टिपायचे. वहीवर स्वतःची पदवी: थॅनॅटॉलॉजिस्ट.

"ह्या आणि काय?" लवूने विचारलं. गुप्तहेर भाई सामंतांचा हा सोबती. डोकं जरा सावकाश चालायचं.

"मूळ ग्रीक, बाबा. थॅनॅटॉस म्हणजे मरण. झोपेचा जुळा भाऊ मानत त्याला. लोगोस म्हणजे बोल, विचार. मरणाचा अभ्यासक! पण अर्धांगाचा झटका आल्यापासून लिहिलेलं आठवत नाही."

सत्यवान मुंबईच्या गिरणीतून आला तेव्हा आईची, हौसाबाईची, चिता विझली होती. "आवशीन शेवटाक काय सांगलान, इतक्याच माका होया," तो म्हणाला. लवूला भडभडून आलं.

शेजारीण काशीबाई फणकारली, "मरणाची वही ती! गावली तर चुलीत घालीन. माका मेलीक वाचूक खंय येता?"

सत्यवानाची बायको विमला म्हणाली, "माका काय म्हायत? मी पाण्याक बावीवर होतंय."

"होय, माझ्यावांगडाच होती," काशीबाईने सांगितलं. "आवस गेल्यावरच परतलव."

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सत्यवानाने गाय सांभाळीन, कलमं राखीन म्हणून पाहिलं. छे! शेवटी विमलेने पदराखालून गुळात घोळलेला खाजा काढून पिंडाशेजारी ठेवला. कावळा झटकन आला.

"सुटली बिचारी!" लवू म्हणाला.

भाई मात्र गंभीर झाले. घरी सगळे बसल्यावर ते म्हणाले, "हौसाबाईला एकही दात नव्हता. खाजा कडक. तो तिला हवा होता, हे कुणाला सुचणार? शेवटी जवळ फक्त मास्तर, नि ते विसरलेले. काशीबाईला वाचता येत नाही. मग ते वहीतूनच कळलं. विमला, वही जाळली नाहीस ना?"

विमलेने तांदळाच्या डब्यातून वही आणली. सत्यवानाने वाचलं:

'विमलान तार धाडल्यान. झील सत्यवान येईसर मी जागी रवतंय. खाजा दी, चघळतंय, म्हणजे झोप येवची नाय.'

"तार माका आवस गेल्यावर गावली," सत्यवान पुटपुटला.

"ह्याच्या आदी दोनदा धाडलंय, दोनदा ती उठान बसली!" विमला रडू लागली. "तिसऱ्यांदा इलास तर गिरणीतून काढतले, असा तुमीच लिवलास. म्हणान तार न धाडताच तिका खोटा सांगलंय."

लवूला वाटलं, ही वही आपण शोधलीच नसती तर बरं झालं असतं.

"कितको वेळ जागी होती, मास्तर?" सत्यवानाने विचारलं.

मास्तरांनी पान चाचपलं. "लिहिलंय इथे. दीड दिवस."




सत्यवान विमलेकडे वळला. "तुका दोष कसो देव गो? माका बोलावू नको, असा मीच लिवलेलंय," म्हणाला, नि हमसाहमशी रडू लागला.